चोपन्नाव्या वर्षी बर्फावर रेघ ओढायची आहे

वाचकाचं पत्र: मी ५४ वर्षांची आहे. नागपुरातल्या एका शाळेत भूगोल शिकवते. हिमरेषा, हिमनदी, हिमोढ हे शब्द सत्तावीस वर्षं फळ्यावर लिहिले, पण बर्फ डोळ्यांनी पाहिला तो गेल्या मे महिन्यात. मुलगा कॅनडात कॅल्गरीला असतो, तो आम्हाला बॅन्फजवळच्या सनशाइन व्हिलेज या स्कीच्या ठिकाणी घेऊन गेला होता. तिथे एक बाई पाहिल्या. हेल्मेटखालून पांढरे केस डोकावत होते, माझ्याहून मोठ्याच असाव्यात. अरुंद स्नोबोर्ड, म्हणजे दोन्ही पाय बांधून बर्फावर घसरायची एकच फळी, पायात स्कीसारखे कडक बूट, आणि वळताना इतक्या आडव्या होत होत्या की हातमोजा बर्फाला लागत होता. मागे फक्त एक बारीक रेघ. मुलगा म्हणाला, याला अल्पाइन कार्व्हिंग म्हणतात. तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही. आमचे हे म्हणतात, या वयात हाडं मोडून घ्यायची आहेत का? जाऊबाई म्हणाल्या, नातवंडं खेळवायचे दिवस आले आणि हिला घसरगुंडी सुचते. मुलाने मात्र एक जुना बोर्ड बुटांसकट शोधून ठेवलाय, १८० सेंटिमीटरचा, शर्यतीचा, स्वस्तात मिळतोय. घेऊ का? मला उशीर झालाय का? आणि नागपुरात राहून याची तयारी तरी कशी करायची? – बर्फवेडी, त्रिमूर्तीनगर

बर्फवेडी ताई,

तिन्ही प्रश्नांची उत्तरं आधी देऊन टाकते, म्हणजे पुढचं निवांत वाचाल. उशीर झालेला नाही. तो बोर्ड घेऊ नका. आणि तयारी नागपुरात होते, चांगली होते; मी इथेच केली.

तुमच्या पत्रातल्या 'मागे फक्त एक बारीक रेघ' या वाक्यापाशी मी थांबले. उतारावर उभं राहून बघणाऱ्यांना बहुतेक वेळा वेग दिसतो, उड्या दिसतात. तुम्हाला रेघ दिसली, आणि या खेळाचा जीव त्या रेघेतच आहे. स्नोबोर्डवर माणूस एरवी वळतो तेव्हा बोर्डाची शेपटी बाहेरच्या बाजूला घसरते, बर्फ खरवडला जातो आणि मागे खराटा फिरवल्यासारखा रुंद पट्टा उरतो. कार्व्हिंगमध्ये हे घसरणं नाही. बोर्ड आपल्या पोलादी कडेवर उभा राहतो आणि ज्या खाचेतून त्याचं नाक गेलं, त्याच खाचेतून शेपटी जाते. म्हणून मागे शिंप्याने खडूने आखल्यासारखी एकच रेघ राहते. आवाजही निराळा असतो. खर्रर्र असं काही नाही. कापडावर कात्री न उघडता नुसती पुढे सरकवली की जो बारीक आवाज येतो, तसा.

हे घडतं कसं, ते तुम्हाला घरी बघता येईल. तुम्ही भूगोलाच्या बाई, प्रयोग करून बघायची सवय असेलच. एखादी जाड लग्नपत्रिका घ्या. तिची लांब पट्टी कापा आणि पट्टीच्या दोन्ही लांब बाजू मध्यभागी किंचित आत घ्या, डमरूला असते तशी कंबर काढा. आता ती पट्टी टेबलावर एका बाजूच्या कडेवर तिरकी धरा. टेबलाला फक्त दोन टोकं लागतील, मधे फट राहील. मधोमध बोटाने हलकेच दाबा, फट मिटेपर्यंत. बघा, पट्टी आपोआप कमानीसारखी वाकली. जास्त तिरकी धरून दाबलीत तर जास्त वाकेल. बर्फावर नेमकं हेच होतं: बोट म्हणजे तुमचं वजन, कंबर म्हणजे बोर्डाचा आत घेतलेला आकार, आणि वाकलेली कड म्हणजे तुमचं वळण. तुम्ही बोर्ड वळवत नाही. तुम्ही तो तिरका करता, त्यावर धीराने उभ्या राहता, आणि तो वळतो. मला ही गोष्ट कळायला चार हिवाळे लागले. मधली सगळी वर्षं मी खांद्यांनी, कमरेने, हातांनी बोर्ड ढकलत होते.

आता वयाचं बघू. मी बोर्डावर पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा ४८ वर्षांची होते आणि कडक बूट पहिल्यांदा घातले ते ५३व्या वर्षी. आज ६१ आहे. कार्व्हिंगला धाडस कमी आणि चोखपणा जास्त लागतो. इथे उड्या नाहीत, उलट्या कोलांट्या नाहीत, खडकांमधून वाट काढणं नाही. लागतो तो रुंद, यंत्राने दाबून सपाट केलेला सौम्य उतार, आणि त्याच उतारावर तेच वळण पुन्हा पुन्हा घोटण्याची तयारी. वीस वर्षांच्या पोरांना याचा कंटाळा येतो. ज्या बाईने सत्तावीस वर्षं दर जूनला नव्या वर्गाला अक्षांश-रेखांश शिकवले, तिला कंटाळा येणार नाही.

ऑस्ट्रियाची क्लाउडिया रीग्लर १९७३ सालची. ती २०१५ मध्ये पॅरलल जायंट स्लॅलममध्ये, म्हणजे याच कडक बुटांच्या शर्यतीत, जगज्जेती झाली तेव्हा ४१ वर्षांची होती, आणि २०२२च्या बीजिंग ऑलिम्पिकला उतरली तेव्हा ४८ वर्षांची. हे उदाहरण मी जपून देते आहे, कारण ती तरुणपणापासून याच खेळात आहे. चोपन्नाव्या वर्षी सुरुवात करणाऱ्याला ते जसंच्या तसं लागू नाही. पण एवढं त्यातून नक्की दिसतं की हा खेळ शरीराला लवकर निवृत्त करणाऱ्यांतला नाही. हाफपाइपच्या, म्हणजे उड्या-कोलांट्यांच्या, स्पर्धेत ४८ वर्षांची बाई तुम्हाला सापडणार नाही.

तुमच्या यजमानांची भीती मात्र उडवून लावू नका. ती खोटी नाही. स्कीवर गुडघे जायबंदी होतात तसे बोर्डावर कमी होतात, कारण दोन्ही पाय एकाच फळीला जखडलेले असतात. पण नवशिक्याचं मनगट मोडणं हे बोर्डावर अगदी नेहमीचं. माझंही मोडलं. पहिलाच दिवस होता. शिकवणाऱ्याला एका वेळी बरीच माणसं सांभाळायची होती, कसं पडायचं ते त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. जवळजवळ सपाट जागी, चालण्याच्या वेगाने जाताना, बोर्डाची खालच्या बाजूची कड बर्फात अडकली. कड अडकली की तोल सावरायला वेळच मिळत नाही, चटई पायाखालून ओढल्यासारखा माणूस आपटतो. मी मागे पडले आणि हात मागे टेकवला. सहा आठवडे प्लास्टर. नागपूरच्या मार्च-एप्रिलमध्ये प्लास्टरखाली घाम कसा येतो ते वेगळं सांगत नाही. त्या सहा आठवड्यांत मी ठरवलं की आधी पडायला शिकायचं, मग उभं राहायला.

म्हणून बर्फाच्या आधी हे करा. अस्थिरोगतज्ज्ञांना भेटा आणि हाडांची घनता मोजून घ्या. रजोनिवृत्तीनंतर बायकांची हाडं झपाट्याने विरळ होतात, आणि वरवर ठणठणीत असलेल्या बाईलाही ते कळत नाही. नागपुरात भरपूर ऊन असूनही ड जीवनसत्त्व कमी निघणाऱ्या बायका मी डझनाने पाहिल्यात, कारण ते ऊन आपण अंगावर घेतच नाही. स्कूटीवर डोळे सोडून सगळं ओढणीने झाकलेलं. तपासणीत घनता फारच कमी निघाली तर डॉक्टर सांगतील ते ऐका, आणि तेव्हा हे माझं पत्र बाजूला ठेवा. थोडी कमी निघाली तर औषध आणि व्यायामाने वर्षभरात फरक पडू शकतो. एक हंगाम थांबलात तर काही बिघडत नाही.

मग एखाद्या ज्युदोच्या क्लासमध्ये जा आणि फक्त पडायला शिकवा म्हणून सांगा. मी गेले होते, दहा-बारा वर्षांच्या मुलांबरोबर. मागे पडताना हनुवटी छातीला लावायची, पाठ गोल करायची, हात छातीशी आवळायचे आणि बूड टेकवून लोळून जायचं. पुढे पडताना तळवे पसरायचे नाहीत. मुठी मिटून दोन्ही कोपरांपासून मनगटापर्यंतचा भाग एकदम टेकवायचा. हे डोक्याला कळून भागत नाही, अंगाला कळावं लागतं. घरी दोन गाद्या एकावर एक टाकून रोज दहा वेळा पडा, महिनाभर. बर्फावर हेल्मेट, मनगटाला आधार देणारे गार्ड आणि माकडहाडासाठी आतून घालायची जाड पॅडची चड्डी, या तीन गोष्टींशिवाय बोर्डाच्या पट्ट्यांमध्ये पाय घालायचा नाही. यजमानांना हे सगळं दाखवा. माझ्या नवऱ्याचा विरोध शब्दांनी कधी मावळला नाही. मी गादीवर पडते आहे, उठते आहे, पुन्हा पडते आहे, हे त्यांनी दोन आठवडे रोज पाहिलं आणि एका सकाळी स्वतःच गादी सरळ करून दिली.

आता तो १८० सेंटिमीटरचा बोर्ड. मुलाचा जीव आहे तुमच्यावर, म्हणून त्याने शोधला. पण तो बोर्ड तुमचा नाही. मघाची लग्नपत्रिका आठवा आणि तिच्या जागी प्लायवूडची पट्टी आहे असं समजा. बोटाने कितीही दाबा, फट मिटणार नाही. शर्यतीचे लांब बोर्ड धिप्पाड माणसाने, मोठ्या वेगात, तीव्र उतारावर वाकवावेत म्हणूनच इतके ताठ बांधलेले असतात. तुमच्या वजनाखाली, तुमच्या वेगात तो वाकायचा नाही. जो वाकत नाही तो वळत नाही, आणि जो वळत नाही तो सरळ खाली सुटतो.

दुसरी गोष्ट त्रिज्येची. प्रत्येक बोर्डाच्या कंबरेच्या आकाराला एक त्रिज्या असते आणि ती मीटरमध्ये सांगतात. कडेवर तिरका केल्यावर वळणाची त्रिज्या साधारण त्या त्रिज्येला तिरकेपणाच्या कोनाच्या कोसाइनने गुणल्याइतकी होते. समजा बोर्ड १६ मीटर त्रिज्येचा आहे आणि तुम्ही तो ३० अंश तिरका केलात, नवशिक्याला इतकंच जमतं, तर वळण सुमारे १४ मीटर त्रिज्येचं, म्हणजे अर्धवर्तुळ पुरं करायला २८ मीटर रुंद मोकळा उतार हवा. शनिवारी-रविवारी तेवढी मोकळी जागा कुठल्या उतारावर असते? तोच १० मीटरचा बोर्ड असेल तर १७-१८ मीटर पुरतात. आणि त्या पांढऱ्या केसांच्या बाईंसारखा ६० अंश कलला की १० मीटरचा बोर्ड ५ मीटरमध्ये फिरतो. वेळ येईल तेव्हा मुलाला सांगा, १५५ ते १६५ सेंटिमीटर, त्रिज्या ९ ते ११ मीटर, मऊ ते मध्यम. जुने बूट तर मुळीच घेऊ नका. कडक बुटांचं प्लास्टिक वर्षांनुवर्षं पडून ठिसूळ होतं, वरून चकचकीत दिसतं आणि थंडीत तडकतं. बूट कुठल्या साली बनले हे विकणाऱ्याला सांगता येत नसेल तर फुकट दिले तरी नकोत.

पण मुळात सुरुवात कडक बुटांवर करायचीच नाही. यावर मतभेद आहेत. काही जण म्हणतात की जे करायचं आहे तेच पहिल्या दिवसापासून करा. मला ते पटत नाही, निदान आपल्या वयाच्या माणसासाठी नाही. कडक बुटांच्या बोर्डाची कंबर १८ ते २१ सेंटिमीटरची असते आणि आपलं पाऊल त्याहून लांब. पाऊल आडवं ठेवलं तर बोर्ड तिरका केल्यावर बोटं किंवा टाच बर्फाला घासणार, म्हणून दोन्ही पाय ५०-६० अंश पुढे वळवून बांधतात. माणूस जवळजवळ समोर तोंड करून उभा असतो. या अवस्थेत घसरवत हळू करणं, बाजूला सरकणं, थांबणं, ही सगळी जीव वाचवणारी कामं नवशिक्याला अवघड जातात. मऊ बूट आणि रुंद बोर्डावर तीच सोपी असतात. पोहायला शिकताना आधी विहिरीच्या काठाला धरून पाय मारतो ना, तसंच आहे हे.

पहिल्या वर्षी मऊ बूट, भाड्याचा बोर्ड, आणि शिकवणारा माणूस. यात काटकसर नको. तीन गोष्टी आल्या की पहिलं वर्ष सत्कारणी लागलं: टाचेकडच्या कडेवर उतारभर सरकत खाली येणं, बोटांकडच्या कडेवर तसंच येणं, आणि कुठेही, हव्या त्या क्षणी थांबणं. बोटांकडच्या बाजूला तोंड डोंगराकडे आणि पाठ दरीकडे असते, त्यामुळे मन घाबरतं. आपल्या वयात जरा जास्तच घाबरतं. तिथे शिकवणाऱ्याचा हात धरून उतरा, लाज बाळगू नका. दुसऱ्या वर्षी त्याच मऊ बुटांवर दोन्ही पाय थोडे पुढे वळवून बांधा, पुढचा ३० अंश, मागचा १५ अंश, आणि अगदी सौम्य उतारावर पहिली रेघ काढायचा प्रयत्न करा. एकच वळण, मग थांबा आणि मागे वळून बघा. रेघ आहे की पट्टा? तुमचा खरा परीक्षक तोच, आणि तो कधी खोटं बोलत नाही. तिसऱ्या वर्षी कडक बूट, आधी कुणाचे उसने किंवा भाड्याचे.

टाचेकडचं वळण सगळ्यांनाच छळतं, मलाही अजून छळतं. तिथे माणूस नकळत खुर्चीत बसल्यासारखा बूड मागे टाकतो, वजन कडेवरून निसटतं आणि बोर्ड कडकड उड्या मारत घसरतो. उपाय ऐकायला सोपा आहे: गुडघे वाका, छाती आणि नजर वळणाच्या शेवटाकडे फिरवा, आणि मागचा गुडघा पुढच्याच्या दिशेने दाबा. नजर पायांशी अडकली की संपलं. मी ऑस्ट्रियातल्या एका गावात तिसऱ्या दिवशी रडकुंडीला आले होते. शिकवणारीने माझ्या मागच्या हातात हातमोजा दिला आणि म्हणाली, वळताना हा पुढच्या बुटाच्या बाहेरच्या बाजूला लावायला जा. पोचला नाही, पण पोचवायच्या नादात खांदे वळले, कंबर आत आली, आणि पायाखालचा खडखडाट एकदम थांबला. मागे वळून पाहिलं तर हातभर लांबीची का होईना, रेघ होती. मी तिथेच बर्फात बसून ती बघत राहिले.

आता कधी आणि कुठे जायचं. गुलमर्गचं नाव सगळेच सुचवतील. मी तिथे शिकले, माझं प्रेम आहे त्या जागेवर, आणि केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची स्कीइंग आणि पर्वतारोहणाची संस्थाही तिथे आहे. पण गुलमर्गची कीर्ती खोल, ताज्या, भुसभुशीत बर्फाची. गोंडोलाचा, म्हणजे केबलकारचा, दुसरा टप्पा अफरवट डोंगराच्या खांद्यावर, ३९०० मीटरच्या वर नेऊन सोडतो. तिथले उतार मोकळ्या डोंगराचे आहेत आणि हिमस्खलनाचा धोका खरा आहे. नवशिक्याने तिकडे फिरकू नये. कार्व्हिंगला हवा तसा दाबलेला रुंद उतार तिथे थोडाच आहे. शिवाय तुमची शाळा. काश्मीरची चाळीस दिवसांची कडाक्याची थंडी, चिल्लई कलान, २१ डिसेंबरला सुरू होते आणि बर्फाचे खरे दिवस जानेवारी-फेब्रुवारीत येतात. तेव्हा तुम्ही दहावीच्या सराव परीक्षांमध्ये बुडालेल्या असता. नाताळच्या सुट्टीवर भिस्त ठेवावी तर बर्फाचा भरवसा नाही. २०२४चा जानेवारी उजाडला तरी गुलमर्गचे उतार तपकिरी होते.

तुमचं उत्तर तुमच्याच पत्रात आहे. विदर्भातल्या शाळा उन्हाळ्यामुळे जूनच्या अखेरीस उघडतात, मे महिना पूर्ण तुमचा. आणि सनशाइन व्हिलेज उंचावर असल्याने साधारण मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत चालू असतं. इथे कूलरमधला वाळा बदलायची वेळ झालेली असते तेव्हा तिथे तुमच्यासाठी बर्फ शिल्लक असतो. परीक्षेचे पेपर तपासून झाले की निघा आणि दहा-बारा दिवस हाताशी ठेवा. रोज शिकायचं नाही. दोन दिवस बोर्ड, एक दिवस विश्रांती. आपल्या वयात स्नायू सावरायला जास्त वेळ घेतात आणि बहुतेक दुखापती थकलेल्या पायांवर, 'आता शेवटची एक फेरी' म्हणताना होतात.

मेच्या बर्फाचं वेळापत्रक समजून घ्या. रात्री तो गोठतो, सकाळी उतार काचेसारखा टणक असतो आणि त्यावर पडलं तर फरशीवर पडल्यासारखं लागतं. ऊन चढलं की वरचा थर सुटा होतो, ओल्या साखरेसारखा. तुमची वेळ ती. त्यात कड छान बसते आणि पडलं तरी अंगाला कमी लागतं. दुपार कलली की तोच बर्फ जड, चिकट लगदा होतो, बोर्ड अडकतो, गुडघे पिळवटतात. तोवर तुम्ही बूट काढून चहा घेत बसलेल्या असायला हव्यात. कपड्यांचं मुलगा बघेल, मी एवढंच सांगते की आतून सुती काही घालू नका, घामाने भिजलेलं सूत अंगाशी गारठतं. आणि प्रवासाच्या विम्यात बर्फावरचे खेळ धरले आहेत का ते पॉलिसी वाचून बघा. पुष्कळ पॉलिसींत ते वगळलेले असतात आणि वेगळे पैसे भरून जोडावे लागतात.

राहिलं नागपूर. आज डिसेंबर आहे, तुमच्याकडे पाच महिने आहेत, आणि त्यातले पहिले अडीच आपल्याकडचे सगळ्यात सुंदर. त्रिमूर्तीनगरहून सेमिनरी हिल्स लांब नाही. सकाळी तिथे चढा, पण लक्ष उतरण्यावर ठेवा. चढताना दम लागतो, उतरताना मांड्या घडतात. बर्फावर तुम्हाला उतरणाऱ्या मांड्याच लागणार आहेत: ओझं झेलत हळूहळू वाकणाऱ्या, दर वळणाला ब्रेक लावणाऱ्या. उतारावर मुद्दाम सावकाश, गुडघे वाकवून, पावलांचा आवाज न करता उतरा. पहिल्या आठवड्यात जिना उतरताना कठडा धरावा लागेल, तिसऱ्यापर्यंत ते जातं.

उकिडवं बसता येतं ना? टाचा जमिनीला टेकून, पाच मिनिटं? येत असेल तर तिथल्या पुष्कळ माणसांपेक्षा तुम्ही पुढे आहात, कारण घोटा वाकल्याशिवाय बोर्डावर नीट बसताच येत नाही. येत नसेल तर भाजी निवडताना, पेपर वाचताना रोज बसा, सुरुवातीला टाचेखाली घडी घातलेला टॉवेल घेऊन. दात घासताना एका पायावर उभ्या राहा, मग तेच डोळे मिटून. डोळे मिटल्यावर तोल किती डळमळतो ते बघून सुरुवातीला धक्का बसेल. पायरीच्या कडेवर फक्त चवडे टेकवून टाच वर-खाली करा, कारण बोटांकडची कड सगळी पोटरीवर तोललेली असते.

आणि एक गोष्ट, जी कुणी सांगत नाही: बोर्डावर पहिल्या आठवड्यात दमवतं ते सरकणं नाही, उठणं. दिवसात चाळीस-पन्नास वेळा जमिनीवरून उठायचं, दोन्ही पाय एकत्र बांधलेले असताना. पाठीवर पडलात तर बसूनच उठायची झटापट करू नका. लोळून पालथ्या व्हा, गुडघ्यांवर या आणि बोटांकडच्या कडेवर उभ्या राहा. हे हॉलमध्ये करून बघा. दोन्ही घोटे ओढणीने सैल बांधा, सतरंजीवर आडव्या पडा, पालथ्या होऊन उठा. सलग पंधरा वेळा जमलं की मला समाधान.

लाँगबोर्ड, म्हणजे चाकांचा लांब स्केटबोर्ड, घेऊन डांबरावर सराव करा असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. त्यातून कललेल्या वळणाची जाणीव येते हे खरं, पण डांबर बर्फासारखं सरकू देत नाही, आणि मनगट बर्फावर पोचण्याआधीच जायचं. त्याऐवजी लाकडी फळी आणि तिच्याखाली गोल नळकांडं, असा तोलाचा बोर्ड सुताराकडून करून घ्या आणि खिडकीच्या ग्रिलला धरून त्यावर उभ्या राहा. मार्च संपला की बाहेरचा व्यायाम पहाटे साडेपाचला आणा. एप्रिलमध्ये सगळं घरात, पंख्याखाली.

जाऊबाईंचं मनावर घेऊ नका असं मी म्हणणार नाही, कारण घरच्या माणसाचं लागतंच. माझ्याकडे सासूबाई होत्या. पण नातवंडांबद्दल त्या म्हणाल्या त्यात मला तर सोयच दिसते. कॅल्गरीत वाढणारं मूल पाच-सहा वर्षांचं झालं की बर्फावर जातंच, आणि आजी उतारावर त्याच्याबरोबर असेल की खाली कॅफेत पिशव्या सांभाळत बसेल, हे तुमच्या या पाच महिन्यांवर ठरेल. यजमानांनाही घेऊन जा. बोर्डावर चढवू नका, पण वर न्या. माझे हे आता प्रत्येक वळणानंतर वर उभं राहून 'रेघ' किंवा 'पट्टा' एवढं एकच ओरडतात, आणि त्यांचा निकाल माझ्यापेक्षा कडक असतो.

आज संध्याकाळी मुलाला फोन करा आणि त्या बोर्डाला नाही सांगा. त्याऐवजी त्याला हेल्मेट आणि मनगटाचे गार्ड बघायला लावा. मग भिंतीला टाच टेकवून कोऱ्या कागदावर उभ्या राहा, दोन्ही पायांचं सर्वांत लांब बोट जिथे येतं तिथे पेन्सिलीने खूण करा आणि सेंटिमीटरमध्ये मोजा. सकाळी नको, संध्याकाळीच मोजा, दिवसभर वर्गात उभं राहून पाऊल थोडं फुगलेलं असतं. दोन पायांत मोठा येईल तो आकडा मुलाला पाठवा. बुटांवर सेंटिमीटरचा आकडा छापलेला असतो, तो बघूनच भाड्याचे मऊ बूट सांगायचे.